खाकी कागदाखालचं पान

कात्री खणकन फरशीवर पडली आणि दोन दिवसांचा अबोला मोडला.

"झाली कव्हरं घालून," सासूबाई म्हणाल्या.

तरसालीच्या याच खोलीत त्यांनी वीस वर्षं शिकवणी चालवली. गुडघे दुखायला लागले तेव्हा तिसरीची सहा मुलं माझ्याकडे आली, त्यांत माझी निरूही. अख्ख्या दिवसात माझा म्हणावा असा तेवढाच एक तास. पण वाचायचं कसं, यावरून आमचं वाजलं. त्यांच्या मते पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, पाठ होईस्तोवर. मी मुलांना आधी अनुक्रमणिका बघायला, मथळ्यांवरून बोट फिरवायला, चित्राखालची ओळ वाचायला शिकवत होते. शेवटी सासूबाईंनीच पालकांना बोलावलं. शिकवणी कुणाकडे ठेवायची, ते आज संध्याकाळी ठरणार होतं.

मी प्राण्यांच्या पुस्तकाची एक प्रत उघडली. मग दुसरी. सहाही प्रतींचं पहिलं पान खळ लावून खाकी कागदाखाली गेलेलं.

"अनुक्रमणिका कुठाय?"

"पहिलं पान पुठ्ठ्याला चिकटवलं की पुस्तक वर्षभर फाटत नाही. तुझ्या नवऱ्याची पुस्तकं अशीच टिकली."

"पण मुलं तिथूनच शोधतात!"

"मग आता वाचतील."

मी ओलं फडकं लावून पाहिलं. पान निघालं नाही, अक्षरं तेवढी निघाली.

संध्याकाळी सगळ्या पालकांच्या वतीनं प्रेमलाबेन आल्या, शिकवणीतल्याच एका मुलाच्या आई. "सांगा पाहू, मगर अंडी कुठे घालते?"

मुलांनी पुस्तकं उघडली आणि खाकी कागदाकडे बघत बसली. सासूबाईंनी पदर सारखा केला.

निरू मात्र पानं उलटत राहिली. फक्त मोठी अक्षरं पुटपुटत: दात... शिकार... घरटं. तिथे थांबली, चित्राखाली बोट ठेवलं. "मादी नदीकाठी खड्डा करून अंडी पुरते. सापडलं!" आनंदानं तिचे कान लालबुंद झाले. तिला तस्संच उचलून घ्यावंसं वाटलं मला.

"आता पुस्तक मीट," सासूबाई म्हणाल्या. "मगर शिकार कशी करते?"

निरूनं मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडायला घेतलं.

"पाहिलंत? मधलं सगळं ओलांडून गेली. माझीच नात असली तरी सांगते!"

"आधी शोधता आलं तर—" मी म्हणाले.

"शोधायला हरवलंय काय त्यांचं?"

प्रेमलाबेन हसल्या. "खरं सांगू बेन? पुस्तक उघडून तर कुणीही सांगेल. परीक्षेत पुस्तक कोण देणार? मोढे यायला हवं ने, तोंडपाठ! उद्यापासून या आपल्या कमलाकाकीच शिकवू देत."

"खुर्चीत बसून शिकवीन," सासूबाई लगेच म्हणाल्या आणि माझ्यासमोर सहाही प्रती उचलून आपल्या कपाटात ठेवल्या.

प्रेमलाबेन गेल्या. निरू येऊन माझ्या मांडीला चिकटली.

"आई, मला सापडलं होतं ना? मग त्यांनी आजीला का निवडलं?"