उतरती उशी

डोळे मीट पाहू. मिटलेस? आता दोन्ही हातांची बोटं गालांवर ठेव, डोळ्यांच्या जरा खाली. तिथे हाड लागतं ना, ते भरीव नाही. त्याच्या आत पोकळ खोली आहे. भुवयांच्या मागे कपाळातही तशाच खोल्या आहेत. प्रत्येक खोलीला एकच इवलंसं दार आणि ते उघडतं नाकात. दार उघडं असलं की खोली हवेशीर राहते, ती आहे याचा तुला पत्ताही लागत नाही. आता अशी कल्पना कर, की तुझ्या नाकाला एखादी गोष्ट सोसत नाही. धूळ म्हण. नाक चिडतं, आतून सुजतं आणि ते दार बंद होतं. खोलीतली ओल खोलीतच साचते. साचलेल्या पाण्याचं काय होतं ते तू डबक्यात पाहिलं आहेस. तेच सगळं तुझ्या गालाच्या आत होतंय आणि तू वर्गात बसून नकाशा रंगवतोयस.

उघड आता डोळे. ही गोष्ट ज्या मुलीची आहे, तिच्या गालांत ते डबकं वरचेवर साचायचं. एकदा आटलं म्हणेपर्यंत पुन्हा भरायचं.

घरात तिला धाकटी म्हणत. खाली वडिलांचं सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या आणि मधे लाकडी जिना. वडील जुन्या सोफ्यांची कातडी सोलल्यासारखं कापड उतरवायचे, स्प्रिंगा बांधायचे, दाभणाने सुतळी ओढायचे. आई खिडकीपाशी मशीनवर नवी कव्हरं शिवायची. धाकटीची जागा कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली. उरलेल्या कापडाच्या चिंध्या, पितळी खिळे, उसवलेली बटणं हे तिचं राज्य. शाळेतून आली की दप्तर भिरकावून ती आधी तिथे शिरायची, मग हातपाय धुवायची.

पण दुखणं सुरू झालं की टेबलाखाली वाकायचीही सोय नव्हती. मान खाली घातली की कुणीतरी डोळ्यांमागून बोटं रोवल्यासारखं व्हायचं. वरच्या दाढा ठणकायच्या आणि आईला वाटायचं दात किडला. घशात मागून काहीतरी सतत उतरत असायचं. वास तर तिला येईनासाच झाला होता. एकदा तिच्या नाकासमोर दूध करपलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं आणि ती शेजारीच बसून पाढे म्हणत होती.

"अगं, नाक आहे की शोभेचं लावलंय?" आई ओरडली.

"शोभेचं तरी कुठे," दादा म्हणाला. "नळ आहे तो. वॉशर गेलेला."

दादा तिच्यापेक्षा मोठा आणि जिभेने त्याहून मोठा. ती नाक शिंकरायला लागली की तो "बाजूला व्हा, ट्रक येतोय" म्हणायचा. शाळेत याहून वाईट होतं. तिथे तिला शेंबडी म्हणत आणि बाकावर तिच्या शेजारी बसायला कुणी राजी नसे. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटे आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हिच्या वाट्याला दरवेळी परीक्षेच्याच आधी दुखणं कसं येतं?" सगळा वर्ग हसला. डोकेदुखी दिसत नाही ना. पाय मोडला तर प्लास्टर तरी दाखवता येतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नाकात बारीक दिवा घालून पाहिलं. "जंतूंचं औषध मी देते, पण ते दरवेळी परत येणार. मूळ कारण ॲलर्जी आहे. आधी नाक सुजतं, मग आत साचतं, मग जंतू. मिठाच्या कोमट पाण्याने रोज नाक धुवा, हा फवारा रोज मारा आणि झोपताना डोकं उंच ठेवा."

डोकं उंच ठेवा, एवढंच वडिलांनी नेमकं धरलं. बाकीचं सगळं डॉक्टरांचं काम होतं, पण हे त्यांचं होतं! घरी येताच त्यांनी माप घेतलं. धाकटीला जमिनीवर निजवून तिच्या कमरेपासून डोक्यापर्यंत खडूने रेघ मारली. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून ते त्या उशीवर बसले. पाठीपासून हळूहळू चढत जाणारी, मान अवघडणार नाही अशी उतरती उशी. शिवण अशी, की टाका शोधून सापडू नये. उशी वर आणली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सण होता.

"झोप, झोप. कशी वाटते?"

"ढगासारखी," धाकटी म्हणाली. ते खरंच होतं.

त्यानंतर दुखणं वाढलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं. "घरात जुन्या गाद्या आहेत का? जुन्या उशा? धूळ धरेल असं काही, तिच्या झोपायच्या जागेजवळ?"

"छे हो!" वडील म्हणाले. "तिची उशी तर मी स्वतः नवी करून दिलीय. या हातांनी."

ते खोटं बोलत नव्हते. पण सोफ्याच्या धंद्यातली एक रीत तुला सांगायला हवी. कापड मरतं, भराव मरत नाही, असं ती माणसं मानतात. जुन्या खुर्चीचं पोट फाडलं की आतला कापूस, काथ्या, घोड्याचे केस बाहेर काढायचे, बोटांनी पिंजायचे, ऊन दाखवायचं आणि पुन्हा भरायचे. फेकायचं काहीच नाही. उलट जितका जुना भराव तितका मानाचा. आताच्या फोमला ते नाक मुरडतात. मग लेकीसाठी वडिलांनी काय घातलं असेल? एका म्हाताऱ्या वकिलाच्या आरामखुर्चीतून निघालेला, कधीचा जपून ठेवलेला, दुकानातला सगळ्यात जुना भराव. बापाने आपल्याजवळचं सर्वोत्तम दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी 'उशी नवी' असं लिहून घेतलं आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

शेवटी घरात ठरलं, की हवा बदलायची. आईची बहीण दुसऱ्या गावी एकटी राहायची, पोस्टात नोकरीला होती. तिच्या घरात फरशी, दोन खुर्च्या आणि एक रेडिओ, बाकी मोकळं मैदान.

"शाळेत नावही तिकडेच घालू," वडील भिंतीकडे बघत म्हणाले. "वर्ष वाया जाण्यापेक्षा बरं."

हे टळावं म्हणून धाकटीने काय काय केलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. महिनाभर ती दुखणं लपवत होती. शिंक आली की तोंडात चिंधी कोंबायची. डोकं ठणकलं की दाराआड जाऊन कपाळ थंड भिंतीला लावायचं आणि हसत बाहेर यायचं. कारण आजारी पडलं की घर सुटणार, हे तिने जिन्यावर बसून ऐकलं होतं. पण ताप लपवता येत नाही. ताप चढला आणि मावशी तिला न्यायला आली.

"मी जाणार नाही! मी आता आजारी पडणारच नाही!"

"हे ठरवून होतं का, बाई?" मावशी म्हणाली आणि तिने पिशवी उचलली. रडारडीत उशी घरीच राहिली.

मावशीकडे पहिले काही दिवस तिने तोंड फुगवून काढले. मग एका सकाळी अंगाला लावायच्या साबणाला वास असतो हे तिच्या लक्षात आलं. तिने साबण नाकाशी धरला तो मावशी दार वाजवेपर्यंत. मग ती घरभर वास घेत हिंडली. वर्तमानपत्र, बूटपॉलिश, मावशीची पोस्टातून आलेली, डिंकाचा वास मारणारी बोटं.

"काय गं, कुत्र्याच्या पिलासारखी हुंगत सुटलीस," मावशी हसली. तिने लगेच घरी फोन केला. "पोर खुलली हो! इथली हवा मानवली."

ते ऐकून वडिलांना राहवलं नाही. रविवारी ते बसने आले, सगळा रस्ता उशी मांडीवर घेऊन. बसमध्ये कुणीतरी उशीचंही तिकीट काढा म्हणालं, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. धाकटीने उशीत तोंड खुपसलं. तिला उशीचा वास आला, पहिल्यांदाच. ओल्या पुठ्ठ्यासारखा, जुन्या कपाटासारखा. तिचे डोळे भरून आले, कारण तो दुकानाचा वास होता, टेबलाखालचा. घर तिच्याकडे चालत आलं होतं.

दोन-तीन रात्री ती त्या उशीला बिलगून झोपली. मग साबणाचा वास गेला. मग डोळ्यांमागे ती बोटं आली. आठवडा संपायच्या आत ती होती तिथेच येऊन ठेपली आणि मावशी तिला हात धरून, उशी काखेत मारून परत घेऊन आली.

"नाही गं बाई," मावशी जिन्यातच म्हणाली. "इथे असो की तिथे, हिचं नाकच तसलं. मग उगाच घरापासून का तोडा?"

"मीही तेच म्हणतो," वडील म्हणाले. त्यांचा आवाज सुटल्यासारखा मोकळा झाला होता. "राहू दे इथेच. आता कुठे पाठवायचं नाही तिला. विषय संपला."

दादानेसुद्धा तिची पिशवी वर नेली. धाकटीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ती टेबलाखाली जाऊन बसली, पण खिळे मोजायचं सोडून विचार करत राहिली. उशी नव्हती तेव्हा साबणाला वास होता. उशी आली आणि वास गेला.

ती खिडकीपाशी आईकडे गेली. "आई, मला उशीने होतं."

मशीनचं चाक थांबलं. आईने आधी जिन्याकडे पाहिलं. "हळू बोल."

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी काय डॉक्टर आहे?" आईने सुईतला दोरा उगाचच तोडला. "वाटलं होतं एकदा."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? उशी घेऊन आले तेव्हा त्यांचं तोंड पाहिलं होतंस ना? आणि आज उशी बाहेर काढली, तर उद्या खालचं सगळंच बाहेर काढावं लागेल. तीच धूळ खाली, तीच जिन्यात, तीच माझ्या पदरात. मग चुलीवर काय ठेवू, कात्री?" ती पुन्हा चाकाला हात घालत म्हणाली, "बाबांजवळ बोलू नकोस. त्यांच्या जिवाला लागेल."

धाकटी तशीच खाली गेली. वडील एका खुर्चीचं पोट मोकळं करत होते. उन्हाच्या तिरिपेत भरावाचे कण तरंगत होते.

"बाबा, उशीत धूळ आहे. मला तिनेच होतं."

वडील हसले. "माझ्या उशीत? आण बरं इकडे." तिने आणली. त्यांनी तिच्यात नाक खुपसून लांब श्वास घेतला. "बघ. झालं मला काही? जन्म गेला माझा यात." आणि मग त्यांना तो रोजचा खोकला आला, घरात सगळे ज्याला धंद्याचा खोकला म्हणत. तो लवकर थांबला नाही.

तो थांबल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला तिचा वास आला?"

"कसला वास?"

"ओल्या पुठ्ठ्यासारखा."

वडिलांनी उशी टेबलावर ठेवली. "मला वास येत नाही, बाळ. कितीतरी वर्षं झाली. माझ्या बापालाही येत नसे. या कामात कुणालाच येत नाही." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांच्या बोटांना चिकटलेली कापसाची तुसं तिच्या केसांत राहिली. "सुरुवातीला आम्हालाही असंच व्हायचं. मग सवय होते. तुलाही होईल."

धाकटीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. लालसर डोळे, कायम अर्धवट उघडं तोंड. तिला ते तोंड आरशातून ओळखीचं होतं.

तिचं बोलणं त्यांनी अगदीच झटकून टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते उशी घेऊन वर आले. तिच्यावर निळं मखमली कापड चढवलं होतं, कडेला पांढरी गोट. त्यांच्या कामात सगळ्या दुखण्यांवर हा एकच इलाज होता. "दुहेरी कव्हर घातलंय," ते म्हणाले. "आतली धूळ आता आतच राहील. आवडली?"

आई मशीनवरून धाकटीकडे बघत होती. हो म्हण, असं तिचे डोळे सांगत होते.

"रंग छान आहे," धाकटी म्हणाली.

मग तिने उशी वडिलांच्या हातातच राहू दिली आणि ती मशीनशेजारच्या फोनकडे गेली. मावशीच्या पोस्टाचा नंबर तिला पाठ होता.

"मावशी, मी बोलतेय."

"काय गं, पोहोचल्या पोहोचल्या काय झालं? भांडलीस का कुणाशी?"

"नाही. मला न्यायला ये."

"अगं, पण तुला तर घरीच राहायचं होतं ना?"

मागे उशी जमिनीवर ठेवल्याचा मऊ आवाज झाला. धाकटीने वळून पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली. "तू ये. आणि पिशवी लहानच आण, मला फार काही आणायचं नाहीये."