सेहेचाळीसची मी अडतीसची झाले

मित्रांनो, मी एक जुनी फिन आहे. कळलं नाही ना? वाटलंच होतं! शिडाची फळी, म्हणजे विंडसर्फिंगची फळी, पाण्यावर पळताना दिसली, तर तुम्ही टाळ्या शिडाला वाजवाल आणि फोटो फळीचा काढाल. फळीच्या पोटाखाली, मागच्या टोकाला, पाण्यात बुडालेली मी कुणाच्या नजरेत येते? आमच्या मोहर्लीकडच्या धरणावर तर मला नावही धड मिळालं नाही. इथे सगळे मला ‘पातं’ म्हणतात. म्हणोत बापडे. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी गरीब स्वभावाची नाही. कुणी माझं वाईट केलं, तर मी ते विसरत नाही.

काचेचे बारीक धागे आणि डिंकासारखा चिकट रस साच्यात दाबून मला घडवलं. मग घासूनघासून गुळगुळीत केलं आणि माझ्या अंगावर ४६ असा आकडा उठवला. सेहेचाळीस सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ हातभर. केवढी ऐट होती माझी! चार वर्षं मी गोव्याच्या खाऱ्या पाण्यात काढली. पुढे दोन फळ्या, तीन शिडं आणि तीस सेंटीमीटरचं एक ठेंगणं पातं यांच्यासोबत ट्रकमध्ये बसून मी इथल्या जलक्रीडा केंद्रावर आले.

माझं काम काय, ते ऐका. वारा शिडाला नुसता पुढे ढकलत नाही, बाजूलाही ढकलतो. त्या बाजूच्या जोराला मी पाण्यात पाय रोवून अडवते. शीड मोठं असेल तर पातं मोठं हवं, शीड लहान तर पातं लहान. लहान शिडाखाली मला लावलं आणि वारा चढला, तर मी फळीच उचलून उलथी करते. मोठ्या शिडाखाली ठेंगणं पातं लावलं, तर फळीचं शेपूट सटकतं आणि माणूस वारा नेईल तिकडे वाहत जातो. इतकं साधं आहे. पण साधं असतं तेच माणसांच्या गळी उतरत नाही.

निशातच्या गळी मात्र उतरलं. निशात ही गफ्फारभाईंची मुलगी. गफ्फारभाई भद्रावतीला कोळशाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवतात. आमची फाटकी शिडंही तेच शिवायचे, आणि त्यांच्या मागे मागे येऊन ही पोरगी फळीवर उभी राहायला शिकली. एकदा तिने साडेचार चौरस मीटरच्या शिडाखाली मला लावलं. मी काय सोडते! दिली फेकून तिला पाण्यात. नाकातोंडातलं पाणी काढत ती वर आली आणि रागावण्याऐवजी माझ्याकडे बघून म्हणाली, “काऊन फेकलं बाई मले?” आणि मग शीड, फळी, पातं, वारा असं सगळं वहीत लिहून काढलं. त्या दिवसापासून ती माझी झाली.

आणि दुसरा तो रोशन, तोही केंद्रावर शिकणारा. शरीराने दांडगा, वयाने निशातपेक्षा पाच वर्षांनी मोठा, आणि अक्कल शिडावर टांगलेली. “मोठ्याले मोठं शीड,” असं म्हणून तो रोज साडेसात मीटरचंच शीड उचलायचा, वारा कसाही असो.

आमच्या धरणाच्या पोटात जुनं जंगल बुडालेलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सागाचे काळे खुंट पाण्याखाली हातभर अंतरावर येतात. तिथे केंद्राचे प्रमुख भैयाजी बांबूला लाल फडकी बांधून ठेवतात, आणि फडक्यापलीकडे कुणी जायचं नाही असा नियम आहे. एप्रिल अखेरच्या एका दुपारी, भैयाजी जेवायला गेले असताना, रोशन मला फळीला लावून, मोबाइल छातीवर बांधून व्हिडिओ काढायला निघाला आणि सरळ फडक्यांच्या पलीकडे घुसला.

खुंटावर आदळले मी! माझं टोक तुटून तळाशी गेलं. मित्रांनो, माझं बोटभर अंग अजून त्या गाळात पडलेलं आहे.

रोशनने काय केलं असेल? मला फळीपासून सोडवलं, काठावर टाकलं आणि भैयाजींना सांगितलं, “निशातच्या हातून धक्क्याच्या गोट्यावर पडलं जी. सकाळी तिच्यापाशीच होतं.”

सकाळी मी तिच्यापाशी होते, हे खरंच होतं. म्हणून तर खोटं खपलं. भैयाजी तापट माणूस. त्यांनी निशातला बोलावलं आणि एका शब्दाचीही चौकशी न करता सुनावलं, “मोडलं ते मोडलं, वरून सांगतही नाई! महिन्यानं सहायक प्रशिक्षकाची परीक्षा आहे. तोपर्यंत पाण्यात पाय नाई ठेवायचा.”

“मी नाई मोडलं, भैयाजी.”

“मंग काय पाण्यानं खाल्लं?”

ती नोकरी मिळवण्यासाठी निशात दोन वर्षं भद्रावतीहून एसटीने येत होती, मित्रांनो. तिचे डोळे भरले, आणि मी तिथेच पडलेली, सगळं पाहिलेली, पण तोंड नसलेली! रोशन बाजूला उभा राहून शीळ घालत होता. ती शीळ ऐकून मी शपथ घेतली. थांब लेका, म्हटलं, पाणी तुझंही आहे आणि माझंही.

पुढे त्याने मला कपडे बदलायच्या खोलीच्या दाराखाली पाचर म्हणून ठोकलं. येताजाता लाथ मारायचा. मी प्रत्येक लाथ लक्षात ठेवली.

पंधरवड्याने गफ्फारभाई शीड शिवायला आले. दारापाशी थबकले. “अरे, हे काऊन इथी?” म्हणत त्यांनी मला उपसून काढलं आणि तुटक्या कडेवर अंगठा फिरवला. तिथे सागाच्या काळ्या लाकडाची एक कुसळ रुतून बसलं होतं. गोट्यावर पडलेल्या पात्यात लाकूड कुठून येणार? त्यांनी चिमट्याने कुसळ काढलं, खुंटावर कोण गेलं ते कळेपर्यंत सुयांच्या डबीत जपून ठेवलं आणि मला घरी नेलं.

घरी निशात मला पाहून रडली. “अब्बू, आता काय उपयोग ह्याचा?”

“बेटा, ट्रकची ताडपत्री फाटली तं आपण फेकतो का? फाटकं कापतो, उरलेलं छोट्या गाडीले लावतो. गाडी पाहून ताडपत्री, ताडपत्री पाहून गाडी.”

त्यांनी तीन संध्याकाळी मला दगडावर आणि पॉलिशपेपरवर घासलं. नवं टोक काढलं, धार आणली. मोजलं तेव्हा अडतीस भरले. निशातने धावत वही आणली, पानं उलटली आणि ओरडली, “अब्बू! सहा मीटरच्या शिडाले हेच लागते!”

मेच्या अखेरीस दोघांची परीक्षा झाली. पाण्यावर तरंगणाऱ्या ड्रमाला तीन फेऱ्या मारायच्या आणि जिथून निघालो त्याच धक्क्यावर परत यायचं. म्हणजे येताना वाऱ्याच्या तोंडावर. तिथेच खरी कसोटी, कारण वाऱ्याशी भांडून फळी परत आणायची ती पात्याच्या जोरावर. दुपारी गरम वारा सुटला, पाणी पांढरं व्हायला लागलं. आमच्या केंद्रावर वयाने मोठा असेल त्याने आधी सामान निवडायचं, असा मान आहे. रोशनने साडेसातचं शीड उचललं. मग पात्यांकडे वळला. एकीकडे चकचकीत ठेंगणं, दुसरीकडे मी.

“हे थोटं कोणं आणलं? दाराखालचं?” त्याने मला पायाने बाजूला सारलं आणि ठेंगणं घेतलं. “त्यापक्षा नवं बरं.”

घे, म्हटलं मनात. घेच! साडेसातच्या शिडाला सेहेचाळीसचं पातं लागतं, आणि ते तूच मोडलंस. मी असते तर निदान धडपडत तरी परतला असतास.

निशातने पाणी पाहिलं, सहाचं शीड घेतलं, लहान फळी घेतली आणि मला बसवून स्क्रू आवळला. “चल बाई,” म्हणाली. मी पाण्यात शिरले, आणि काय सांगू, पंधरवड्याच्या लाथांचा शीण एका झटक्यात धुऊन निघाला. आमची तिसरी फेरी झाली तेव्हा रोशन ड्रमाच्याही खूप पलीकडे पोचला होता. शीड उचलायचा, दोन हात पुढे यायचा, की शेपूट सटकून धपकन पाण्यात. पुन्हा उठायचा, पुन्हा धपकन. वारा त्याला पलीकडच्या काठाकडे ढकलत होता, आणि तिकडे वाघांचं राखीव जंगल आहे, दिवसासुद्धा तिथे कुणी उतरत नाही.

“निशात! थांब ना! ओढून ने मले!”

निशातने क्षणभर शीड सैल केलं. मी खालून म्हणत होते, नको थांबू, नको थांबू. तिने त्याचं लाइफ जॅकेट नीट बांधलेलं आहे ना ते पाहिलं आणि म्हणाली, “बुडत नाई तुम्ही, रोशनभाऊ. बोटीले सांगते. पह्यले परीक्षा होऊ द्या.”

मी हसले, मित्रांनो. अगदी मनापासून हसले.

केंद्राच्या बोटीने त्याला ओल्या गोणपाटासारखं आणून धक्क्यावर टाकलं, तेव्हा निशात शीड गुंडाळत होती. भैयाजी कडाडले, “एवढ्या शिडाले तीसचं पातं लावते का कोणी?”

रोशन थरथरत ओरडला, “मंग काय लावू? मोठं पातं तं खुंटावर मोडलं ना!”

भैयाजींनी हळूच विचारलं, “खुंटावर? तू तं गोट्यावर पडलं म्हणे.”

गफ्फारभाई पुढे आले. डबी उघडून त्यांनी ते काळं कुसळ भैयाजींच्या तळहातावर ठेवलं. “पात्यात रुतलं होतं, भैयाजी. सागाचं आहे.”

भैयाजींनी कुसळ पाहिलं, लाल फडक्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “बाई, माह्यं चुकलं,” निशातला म्हणाले. मोठ्या माणसाने एवढं म्हणणं सोपं नाही, पण मला ते कमीच वाटलं.

आता निशात सहायक प्रशिक्षक आहे. रोशनला भैयाजींनी काढलं नाही, वर्षभर सामान धुवायला ठेवलं. रोज संध्याकाळी तो माझ्या अंगावरचं शेवाळ काढतो, मऊ फडक्याने पुसतो आणि गफ्फारभाईंनी शिवलेल्या पिशवीत ठेवतो. फार जपून धरतो, कारण माझी धार एकदा त्याच्या अंगठ्याने चाखली आहे. चुकून लागली, असं सगळे म्हणतात. म्हणोत.

तर मित्रांनो, वस्तू जपा. वापरून झाली की धुवा, पुसा, जागेवर ठेवा. मोडली तर ‘माझ्या हातून मोडली’ असं सांगा. लहान दिसते म्हणून कुणाला पायाने सारू नका. आणि एवढं सगळं जमणार नसेल, तर माझ्या पाण्यात उतरण्याआधी पोहायला तरी नीट शिकून या.