निळी टिकली

मांस ताजं असेल तर टिकली पिवळी राहते, नासायला लागलं की निळी पडते. आमच्या पॅकिंगच्या खोलीत एवढंच शास्त्र पुरतं. मागचा कागद सोलायचा, ट्रेच्या कडेला टिकली चिकटवायची आणि वर प्लास्टिक ताणायचं. वास घेत बसावं लागत नाही, म्हणूनच हे काम मला जमलं. एका तापात माझं नाक कायमचं गेलंय. राग तेवढा नाकावर शिल्लक आहे.

घरात माझं नाक म्हणजे माझी नणंद. दूध नासलंय का, शेगडीवर काही करपतंय का, सगळं तीच सांगते. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. कामावरही ती माझ्याच जोडीला. कोल्ड रूममधून ट्रे आणायचे तिने, टिकल्या लावायच्या मी. त्या दिवशी सर्दीने तिचंही नाक चोंदलं होतं. दोघींत मिळून धड एक नाक नव्हतं.

सकाळीच कापलेल्या मांसाच्या ट्रेला टिकली लावली, तर ती निळी पडायला लागली. शेजारच्या ट्रेवरचीही. माझं डोकंच फिरलं.

"कालचे ट्रे उचलून आणलेस ना गं?"

"आजचेच आहेत, वहिनी."

"मग काय टिकली खोटं बोलते?"

"म्हणजे टिकलीवर विश्वास आणि माझ्यावर नाही! थांब, आतले सगळे आणून दाखवते." ती तणतणत कोल्ड रूममध्ये गेली. तिच्यामागे जड दार आपोआप लागलं.

माझे डोळे चुरचुरत होते. मला वाटलं, रागाने. पुटपुटतच मी नवी टिकली सोलली, तर ती हातातून निसटून टेबलावर चिकटली. स्टीलचं टेबल, नुकतंच धुतलेलं. नखाने खरवडणार, तेवढ्यात तिच्या कडेला निळा रंग चढला.

तिथे मांसाचा कणही नव्हता. होती ती नुसती हवा.

कोल्ड रूम गार ठेवायला नळ्यांतून अमोनिया फिरतो, आणि नासक्या मांसातून निघणाऱ्या वायूसारखाच तोही टिकलीला निळं करतो. मेकॅनिकने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, झोंबणारा वास आला की जीव घेऊन पळायचं. मला कुठून येणार वास? आणि ती तर आतच होती, मीच चिडवून पाठवलेली.

"भिंगरी!" मी ओरडले. भिंतीवरचं लाल बटण दाबलं, घंटा वाजू लागली. खरं सांगते, माझे पाय बाहेरच्या दाराकडे वळले होते. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. मग एप्रन नळाखाली भिजवला, तोंडावर घट्ट बांधला आणि कोल्ड रूमचं दार ओढलं.

आत पांढरा धूर. डोळे उघडवेनात. मांडण्या चाचपत पुढे सरकले तर पायाला काहीतरी लागलं. तिचे बूट. तिचे पाय हलत नव्हते. काखेत हात घालून तिला ओढत ओढत मी मागच्या अंगणात आणलं.

मेकॅनिक नळी बंद करायला धावला. तिच्या तोंडावर पाणी मारताना माझ्या मनात आलं, इथली हवा तरी चांगली आहे का? खिशातली एक टिकली सोलून तिच्या कॉलरला लावली. पिवळी. मी एकटक बघत राहिले, पिवळीच. पण टिकली हवेचं सांगत होती, तिचं नाही. तिची छाती हलतेय की नाही, माझ्या झोंबणाऱ्या डोळ्यांना काही कळेना.

"ऊठ गं. बोल काहीतरी. हवं तर भांड माझ्याशी."

ती खोकली. खूप वेळ खोकली. डोळे मिटलेलेच होते, घसा पार फाटला होता.

"ट्रे... आजचेच होते, वहिनी."

"हो गं, आजचेच होते," मी म्हणाले, पण रडण्यात ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.