दाराआडची नोकरी

माझा नवरा लिफ्ट बसवतो. त्यामुळे त्याच्या मते जगातली कुठलीही गोष्ट आधी रिकामी चालवून बघायची, मग वजनं ठेवून, आणि मगच तिच्यात माणसं चढवायची. आपल्या लग्नाच्या वेळी तेवढं राहून गेलं, असं मी त्याला अधूनमधून ऐकवते. तो नुसता हसतो.

नोकरीचा विषय निघाला तेव्हाही त्याने हेच काढलं.

मी कवळ्या करते. करत होते म्हणायला हवं. घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक लॅब होती. आजूबाजूचे डेंटिस्ट पेशंटच्या तोंडाचे साचे तिथे पाठवायचे, आणि आम्ही तिघंजणं त्यावर मेणात दात बसवून कवळ्या तयार करून द्यायचो. मालकाची नजर अधू झाली, मुलाला त्यात रस नव्हता, लॅब बंद पडली. आता तिथे गाद्यांचं दुकान आहे. तेव्हापासून मी घरी. लोकांना वाटतं घरी म्हणजे मजा. मजा कसली, हाताला काम नसलं की डोक्यात नुसता भुंगा. सासूबाईंची कवळी मीच केलेली. जेवताना ती जरा हलली तरी माझं लक्ष तिकडेच. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडे बघत जेवत जाऊ नकोस बाई, घास उतरत नाही घशाखाली."

मग बोलावणं आलं, तेही शहराच्या पार पलीकडून. मोठी लॅब. तिथे साध्या कवळ्या नाहीत, अवघड कामं येतात. कुणाचा जबडा झिजलेला, कुणाचं ऑपरेशन होऊन अर्धा टाळूच गेलेला. अशा माणसाला पुन्हा चावता यावं, बोलता यावं, यासाठी जे बसवायचं ते मशीनमधून निघत नाही, त्याला हातच लागतो. माझा हात कसा आहे हे तिथल्या मुख्य बाईंना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः फोन केला. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं.

मुलाखतीला जाऊन आले. एक बस, मग दुसरी बस, मग त्यांची व्हॅन. व्हॅन चुकली की हमरस्त्याच्या कडेने पायपीट. मी जाताना उभी आणि येतानाही उभी. दुसऱ्या बसमध्ये एक बाई उभ्या उभ्या झोपली होती. ब्रेक लागला की माझ्या खांद्यावर कलायची, डोळे न उघडता पुन्हा सरळ व्हायची. तिला किती वर्षांची सवय असेल कोण जाणे. घरी आले तेव्हा हाडं खिळखिळी झाली होती. बूट काढायला वाकले, तशीच दाराशी बसून राहिले. एका दिवसात ही गत, तर रोजचं काय होईल माझं? रस्त्यावरचे दिवे विझायच्या आत निघायचं, ते पुन्हा लागल्यावर परतायचं. मधला सगळा उजेड दुसऱ्यांच्या जबड्यात.

सोमवारपर्यंत कळवा, असं त्या बाई म्हणाल्या होत्या.

"प्रवासाचं तू निभावशील," नवरा म्हणाला. "तू हट्टी आहेस. प्रश्न घराचा आहे. आपण चालवून बघू."

"चालवून म्हणजे?"

"तू आतल्या खोलीत बसायचं. दिवे विझायच्या आधी आत, लागल्यावर बाहेर. मधल्या वेळात तू घरात नाहीस. बघू कुठे अडतंय ते."

"म्हणजे आम्ही काय, ती गेली असं धरून चालायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"कामाला गेली, आई."

"हां, ते सांग आधी."

मला हा सगळा खुळेपणा वाटला. पण नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, माझ्यावाचून यांचं किती आणि कसं अडतं ते. सगळ्यात मनावर घेतलं ते मुंगीने. मुंगी आमची लेक, सातवीत आहे. लहानपणी सारखं काहीतरी उचलून इकडून तिकडे न्यायची म्हणून हे नाव पडलं. आता उंचीला माझ्या कानाला लागते, तरी मुंगीच. तिने नियम काढले. लॅबमध्ये फोन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून फोन बंद. डबा सोबत न्यायचा. कुणीही दार वाजवायचं नाही. आतून कुणी ओ द्यायची नाही.

मंगळवारी मी डबा घेऊन आतल्या खोलीत कामाला गेले.

पहिला दिवस म्हणजे नुसता सावळागोंधळ. दूध उतू गेल्याचा वास आला. मुंगीची एक चप्पल सापडेना. मला ती कुठे आहे ते माहीत होतं, कॉटखाली माझ्याच पायाशी होती, आणि मी ओठ दाबून गप्प. शेवटी पोरगी बूट घालून गेली. दुपारी सासूबाई दारापाशी आल्या आणि दाराशीच बोलायला लागल्या. "तू नाहीयेस हे मला माहीत आहे. मी आपली माझ्याशी बोलतेय. पण मीठ कुठे ठेवलंय या बाईने?" मी हसू दाबायला उशी तोंडावर धरली. त्या दिवशी सगळे अळणीच जेवले, आणि कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी मीठ सापडलं. तिसऱ्या दिवशी तर काही ऐकूच आलं नाही. नवऱ्याने अंडी उकडली, सासूबाईंनी भाजी चिरून ठेवली, मुंगी वेळेत निघाली. सगळं सुरळीत. मला राग आला. इतकी वर्षं मी यांच्यासाठी मर मर मरले, आणि यांचं दोन दिवसांत बस्तान बसलं. वाईट वाटायचं की बरं वाटायचं तेच कळेना. शेवटी कंटाळून मी जुना डबा काढला. त्यात माझ्या सुऱ्या होत्या, मेण होतं. मेणाचा एक तुकडा हातात धरून मऊ केला आणि दाढ कोरायला घेतली. पहिली फसली. दुसरी बरी झाली. तिसरीला वरचे उंचवटे बरोबर उतरले, मधली खाचही बरोबर, आणि डोकं वर केलं तेव्हा दुपार टळून गेली होती. जेवणाचा डबा तसाच राहिला होता. त्या संध्याकाळी बाहेर आले तर नवरा म्हणतो, "ताजीतवानी दिसतेस. मानवतंय की तुला."

"अरे, मी दिवसभर खुर्चीत होते," मी म्हणाले. "बसमध्ये कुणी खुर्ची देणार नाहीये मला." पण मनातून माझं जवळपास ठरलं होतं. जायचं.

शुक्रवारी मी आत एक पुढचा दात करत होते. मुंगीची शाळेतून यायची वेळ झाली. दार उघडल्याचं ऐकलं, दप्तर टाकल्याचं ऐकलं, आणि मग काहीच नाही. रोज आल्या आल्या तिची आजीशी बडबड सुरू व्हायची. मी सुरी खाली ठेवली.

स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला. कितीतरी वेळ तो तसाच वाहत होता. आमच्या घरात असा नळ सोडला की सासूबाई ओरडतात. त्या ओरडल्या नाहीत. मी दाराशी गेले. नळाच्या आवाजाखाली रडणं होतं. तोंड दाबून रडलेलं वेगळं ऐकू येतं, आईला तर येतंच.

"अगं झालं काय, सांगशील की नाही?" सासूबाईंचा आवाज.

मग ती सांगायला लागली. मला नीट ऐकू यावं म्हणून मी कान दाराला लावला. तिची जिवलग मैत्रीण, बालवाडीपासूनची, आज तिच्या शेजारी बसायचं सोडून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. आधी काही बोलली नाही, भांडण नाही, काही नाही. मुंगी दप्तर बाजूला सरकवून तिच्यासाठी जागा करून बसली होती. ती आली आणि पुढे निघून गेली. मुंगीला वाटलं, विसरली. म्हणून हाक मारली. सगळ्यांनी वळून बघितलं, ती सोडून. नंतर प्रयोगाला जोड्या करायच्या होत्या. सगळ्यांच्या झाल्या, ही एकटीच उरली. बाई म्हणाल्या, ये, तू माझ्याबरोबर कर. मग सगळ्या वर्गासमोर बाईंच्या शेजारी उभं राहून परीक्षानळी धरायची. बाई चांगल्या वागल्या, याचंच तिला जास्त रडू येत होतं. सांगताना ती मधेच थांबायची, मागे जायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. हाक मारलेली जागा तर तिने तीन वेळा सांगितली.

माझा हात कडीवर होता.

"दार वाजव," सासूबाई म्हणाल्या. "आतच आहे ती. जा."

"नको."

"अगं हा खेळ आहे तुझ्या बापाचा. जा म्हणते ना."

"नको, आजी. मी दार वाजवलं तर ती कामाला जायची नाही." मग नाक ओढल्याचा आवाज. "ती आत गुणगुणते, तू ऐकलंस? काल मी शाळेतून आले तेव्हा. कधीपासून गुणगुणली नव्हती."

मी गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. मी कडीवरचा हात काढला. काढला म्हणजे तो आपोआप खाली आला. एका फळीच्या अंतरावर माझी पोर रडत होती, माझ्यासाठी रडणं दाबत होती, आणि मी बाहेर गेले असते तर तिने केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. मी तिथेच जमिनीवर बसले. नळ बंद झाला. सासूबाई हळू आवाजात तिला काहीबाही सांगत राहिल्या, त्यांच्या शाळेतल्या कुठल्याशा मुलीची गोष्ट. थोड्या वेळाने मुंगी हसलीसुद्धा. दिवे लागेपर्यंत मी जागची हलले नाही.

बाहेर आले तेव्हा तिने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. "बसमध्ये जागा मिळाली?" पहिल्या दिवसापासून ती हेच विचारायची.

"उभी होते. शाळेत काय झालं आज?"

"काही नाही."

सासूबाई पाठ करून भांडं ढवळत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही. जेवायला बसलो. नवरा खुशीत होता. "बघ, घर एकदाही अडलं नाही," तो म्हणाला. "वजन पेललं."

"मी नाही म्हणून कळवणार आहे," मी म्हणाले.

"का?"

"लांब आहे."

मुंगीने घास ताटात ठेवला. "म्हणजे मी दार वाजवलं नाही ते उगाचच," ती म्हणाली. बाप आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघायला लागला, त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"मी ऐकलं, बाळा. सगळं."

"तू ऐकायचं नव्हतंस. तू बसमध्ये होतीस."

"बसमध्ये असते तर मला काही कळलंच नसतं. म्हणून तर नको म्हणतेय."

"नसतंच कळलं. मला माहितीये ते." तिने बाहीने डोळे पुसले. "बाबा घर चालवून बघत होते ना? मीपण बघत होते. तू नसताना मला जमतं का ते."

सासूबाईंनी तिच्या ताटात भाजी वाढली, ती तिला नको होती.

"मग?" मी विचारलं. "जमलं?"

तिने खरंच विचार केला. "आधी नाही जमलं. मग जरा जमलं. आजी होती."

मला रडायचं होतं, पण त्यालाही अंगात जोर लागतो. दिवसभर एका खोलीत बसून मी त्या बसमधल्या बाईसारखी थकले होते.

"बरं, मी आता आले घरी," मी म्हणाले. "मी कामावरून आले की तू मला सांगायचं. रोज. मी दमलेली असले तरी, आडवी झाले असले तरी. मला झोप लागली असेल तर हलवून उठवायचं. आज काय झालं ते सांग."

"तू ऐकलंयस की."

"मी बसमध्ये होते. सांग."

तिने बापाकडे बघितलं, आजीकडे बघितलं. खांदे उडवले. "तिने बाक बदलला," ती म्हणाली. "मग मी प्रयोग बाईंबरोबर केला."

मी वाट बघितली. ती जेवायला लागली होती. त्या हाकेचं ती काही बोलली नाही, सगळ्यांनी वळून बघितलं त्याचंही नाही. तिच्या लेखी ते दुपारीच होऊन गेलं होतं. रोज अंधार पडल्यावर मला एवढंच मिळणार होतं, दोन वाक्यं, तीही घास चावता चावता.

ताटं उचलल्यावर मी लॅबच्या बाईंना फोन लावला आणि सोमवारपासून येते म्हणून सांगितलं.