बंद मशीनची किंमत

माझ्या आत्याच्या कारखान्यात जॅमच्या बरण्यांची झाकणं बनतात. मशीन इतकं म्हातारं झालंय की निम्मी झाकणं तिरकी पाडतं. नवं घेतलं नाही, तर जॅमवाले दुसरीकडे जाणार होते. म्हणून आत्याने जागा तारण ठेवून कर्ज मागितलं. हिशेब मी बघतो, त्यामुळे सगळी धावाधाव माझ्या गळ्यात पडली.

हल्ली आमच्या गल्लीचं नशीब फळफळलंय. शेजारच्या गोदामात फुलांचं दुकान आलं, समोर मोठमोठ्या काचांची घरं उभी राहिली आणि जागांचे भाव गगनाला भिडले. त्यात आमचं काडीचंही कर्तृत्व नाही. उलट आमच्या धाडधाडीने समोरचे वैतागलेत. म्हणून जागेची किंमत ठरवणारे गृहस्थ यायच्या आधी मी अक्कल पाजळली. मशीन बंद केलं आणि कामगारांना चहाला पिटाळलं.

गृहस्थ खिडकीत उभे राहिले. "छान शांत आहे हो. आकडा वाढेल." मी मनातल्या मनात मांडे खाऊ लागलो.

तेवढ्यात बँकेच्या मॅनेजरबाई आल्या, धंदा बघायला.

"मशीन बंद? ऑर्डरी नाहीत का?"

आत्या चिंधीला हात पुसत पुढे झाली.

"ढीगभर आहेत. भाच्याने बंद केलंय. शांत जागेला भाव जास्त ना."

"ते खरंय," गृहस्थ म्हणाले. "जागेचा आकडा मोठा, तर कर्जही मोठं."

"आणि मशीन बंद ठेवून हप्ते कुठून भरू?" आत्याने विचारलं.

गृहस्थ सरळ बोलून गेले, "नाहीच जमलं, तर जागा आहेच की."

इतके दिवस कागद नाचवत होतो, पण ही जागा खरंच जाऊ शकते हे मला तेव्हा कळलं.

आत्याने मशीन सुरू केलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. गृहस्थांनी आकडा खोडून कमी केला. बाईंनी एक झाकण उचललं.

"हे तिरकं आहे."

"म्हणून तर कर्ज हवंय."

मिळालं, पण कमी. त्यात नवं नाही, वापरलेलं पण धडधाकट मशीन आलं आणि ते पहिल्याहून जास्त आवाज करतं. समोरचे रोज तक्रार करतात. मी कानकोंडा होतो, आत्या मात्र खुशीत असते.

"करू देत," ती म्हणते. "जागा सगळ्यांना नकोशी झाली, की आपलीच राहील."