खालचा खण

"सायेब, आज मशीन पुन्हा चुकली. तिनं तीस सांगतलं, माह्या हातात अठ्ठावीसच भरले," म्हणत उत्तमरावांनी कागद टेबलावर ठेवला. कागदाला नेहमीप्रमाणे तपासलेल्या गाडीतल्या कापसाचा पुंजका टाचलेला होता.

नवा मॅनेजर ललित "बरं" म्हणाला. उद्यापासून येऊ नका, असं आज याच माणसाला त्याला सांगायचं होतं.

सव्वीस वर्षं उत्तमराव अकोल्याच्या या कापसाच्या जिनिंग गिरणीत ग्रेडर होते. गाडीतला कापूस चिमटीत घेऊन ओढायचा आणि धागा किती मिलिमीटर ते सांगायचं. त्यांच्या बोटांवर भाव ठरायचा. दिवाळीनंतर धागा मोजणारी मशीन आली. त्याच महिन्यात मालकांनी ललितला पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. बदलाच्या काळात कामगारांना आपलं काम मोलाचं कसं वाटेल, ते शिकायला. ललित शिकून आला आणि त्यानं चक्क थाप मारली. "उत्तमराव, तुमी रोज आकडे लिहून द्या. ते मशीनवाल्या कंपनीले पाठवतो, त्याच्यावरून ते मशीन सुधरवतीन. तुमच्याबिगर ती आंधळी हाय."

उत्तमराव खुलले. परतवाड्याच्या एका जिनिंगचं बोलावणं आलं होतं, तिथं अजून हातानंच पारख व्हायची. ते त्यांनी ललितसमोरच फोनवर नाकारलं. "इथं माहं काम हाय," म्हणाले. ललितला तेव्हाच खरं बोलता आलं असतं. एकही कागद कुठं गेला नाही. सगळे त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात कोंबलेले होते. त्या खणाला पाय लागू नये म्हणून तो अंग चोरून बसायचा.

"मालकानं तुमचं काम बंद केलं, उत्तमराव. उद्यापासून." मग एका दमात तो म्हणाला, "अन् ते कागद मी कुठंच नाही पाठवले. खोटं बोललो मी."

"मले माहीत हाय. संक्रांतीले तिळगूळ द्याले आलो होतो. तुमी नव्हते. खण उघडा होता."

"मंग कावून लिहत राहिले? परतवाड्याले जायाचं होतं ना!"

"तवरोक त्यायनं दुसरा मानूस ठेवला होता." उत्तमरावांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "अन् मी कागद देल्ला का तुमच्या जीवाले बरं वाटे. मालक विचारत असतीन, मानसं समजावले का म्हणून. तुमची बी नोकरी नवीनच हाय."

ललितनं तो कागद उचलला.

"आजचा कागद मात्र पाठवा जमलं तं. दवानं गाडी ओली असली का मशीन चुकते," म्हणत त्यांनी डबा उचलला आणि ते निघून गेले.

ललितनं कागदावरचा पुंजका सोडवला. त्यांच्यासारखा चिमटीत धरून ओढला. धागा किती भरला, ते त्याला काही सांगता आलं नाही.