फणसाची मूठ आणि बदामाचा खळगा

घाबरू नका हो, बसा निवांत. मी रिव्हॉल्व्हर बोलतोय. साधासुधा नव्हे, पंचेचाळीस बोअरचा, चांगला किलोभर वजनाचा. माझी नळी केव्हाच आतून बुजवून टाकली आहे आणि तसा पोलिसांचा कागदही आहे. तेव्हा माझ्याकडून मारा झालाच तर फक्त गप्पांचा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या अंगावर कोरलेलं आहे. मला आठवतं ते मुंबईचं एक दुकान. मोती विकायला आलेल्या बहारीनच्या एका व्यापाऱ्यानं मला तिथं विकत घेतलं आणि तिथल्या बुसैतीन गावच्या घरी आणलं. मी मनात म्हटलं, आता काय, पराक्रम गाजवायचा!

कसला पराक्रम अन् कसलं काय! उभ्या आयुष्यात मी एकदाच धडाडलो, तेही ईदचा चंद्र दिसला म्हणून. शेजारची शेळी अशी बिथरली की तीन दिवस दूध देईना. मालकीणबाईंनी उरलेल्या गोळ्या उचलल्या, किनाऱ्यावर गेल्या आणि समुद्रात फेकून आल्या. विषय खलास.

मग मला काम मिळालं बदाम फोडायचं. हसू नका! अंगणात बदामाचं झाड होतं. मालक उंबऱ्यावर बसून माझ्या मुठीनं टणक बिया फोडायचे आणि गर धाकट्या मुलाच्या, जासिमच्या तोंडात घालायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फोडून फोडून मुठीच्या उजव्या लाकडाला खळगा पडला. डावखुऱ्या पोरानं मला हातात धरलं की त्याचा अंगठा बरोबर त्या खळग्यात बसायचा. हळूहळू मलाही ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू?

मालक गेले आणि मी कपाटात गेलो. किती वर्षं, विचारू नका. गंजानं माझी चक्री फिरेना, घोडा उठेना. एखाद्या वस्तूवर जीव असला की माणसं तिला कपाटात कोंडतात, ही त्यांची मोठी गंमत आहे.

आता जासिमबाबांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांना जवळजवळ दिसत नाही. त्यांचा मुलगा झैद याच्या मनात आलं, ईदला बाबांच्या हातात मला नवं करून द्यावं. मला टॉवेलात गुंडाळून, पोलिसांचा कागद खिशात घालून तो गुदैबियाच्या बाजारात कमालच्या दुकानात आला.

कमाल रत्नागिरीचा. बावीस वर्षं इथं कहव्याच्या किटल्या नि पितळी दिवे उजळतोय. झैद त्याला म्हणाला, "कमालभाई, बाबा की आँख कमजोर है. एकदम चमकना चाहिए."

"इंशाल्ला. दूल्हा बनाके देगा!"

आणि बनवलं की त्यानं! तीन दिवस मला घासलेटमध्ये बुडवून ठेवलं. बफच्या फिरत्या चाकावर धरलं असतं तर काम झटक्यात झालं असतं, पण कोरलेली अक्षरं पुसली गेली असती. म्हणून पठ्ठ्यानं बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून मला हातानं घासलं. अक्षरांपाशी आला की श्वास रोखून धरायचा. मला अशा गुदगुल्या व्हायच्या! शेवटी निळा-काळा रंग चढवला. मी आरशात मावेनासा झालो.

मुठीची लाकडं मात्र त्यानं काढून बाजूला टाकली. "चेपलीत. कामातून गेली," म्हणाला, आणि घरातला एक तुटका फणसाचा पाट कापून नवी घडवली. कोकणी माणसाला फणसापुढं दुसरं लाकूड दिसतच नाही.

त्याची बायको महमुदा कडाडली, "माज्या म्हायेरचा पाट तुमी बंदुकीला लावलात?"

"तुटलेलाच होता ना?"

"तुटला तरी माजा होता!"

ईदच्या आदल्या दुपारी कमाल स्वतः मला घेऊन बुसैतीनला आला. जासिमबाबांनी मला हातात घेतलं. त्यांचा अंगठा मुठीवरून फिरला, पुन्हा फिरला, आणि चेहरा उतरला. तरुणपणी मुंबईत शिकलेल्या हिंदीत ते म्हणाले, "ये मेरे बाप का नहीं है."

झैद गर्रकन वळला. "कमालभाई, असली किधर है?"

कमालचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं अक्षरं दाखवली, पण इतकी वर्षं ती गंजाखाली होती, झैदनं कधी पाहिलीच नव्हती. "बावीस साल में किसी का चमचा इधर का उधर नहीं किया," एवढंच तो म्हणाला. अहो, मीच तो, मीच! असं ओरडावंसं मला वाटत होतं. एवढ्या मोठ्या तोंडाचा मी, आणि ऐन वेळी मुका!

बाबांचा अंगठा अजून शोधतच होता. ते कमालनं पाहिलं.

"बाबा, वहाँ कुछ था?"

"गड्ढा था. बादाम का."

कमालनं महमुदाला फोन लावला. "अगो, ती जुनी लाकडं कुठं हायत?"

"एक कचऱ्यात गेला. एक शिलाई मशीनच्या पायाखाली हाय. मशीन हलत होती."

"उजवा की डावा?"

"लाकडात उजवा-डावा असतो व्हय?"

"घेऊन ये. यल्ला!"

"ईदचे कपडे शिवायचे हायत माजे!" असं म्हणाली खरी, पण टॅक्सी करून आली. तोवर मला तर घाम फुटायचा बाकी होता. कचऱ्यात गेलं ते कुठलं?

महमुदानं रुमाल उलगडला. उजवं! कमालनं त्या बाजूचा फणस काढून ते बसवलं, स्क्रू पिळला आणि मला बाबांच्या हातात दिलं. अंगठा खळग्यात बसला. बाबांनी बदामाची एक बी मागितली, फरशीवर ठेवली, चाचपून माझ्या मुठीनं फोडली. गर निघाला, त्याचे दोन तुकडे केले. एक कमालला दिला, एक महमुदाला. झैद मान खाली घालून माफी मागत राहिला.

कमाल डाव्या बाजूचं लाकूडही बदलून देतो म्हणून काढायला लागला, तेव्हा बाबांनी विचारलं, "ये कौन सी लकड़ी है?"

"फणस. बीवी के मायके का."

"फिर रहने दे. वो भी किसी के घर का है."

महमुदानं डोळ्याला पदर लावला. पाटाचं भांडण तिथंच मिटलं.

तर असा मी हल्ली दिवाणखान्यात असतो, एका अंगाला खळगा, दुसऱ्याला फणस. रोज एक बदाम फोडतो. नव्या रंगावर ओरखडे पडतात, झैद हळहळतो, मी नाही. कमाल आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला आधी विचारतो, यातलं काय तसंच ठेवायचं आहे? तुम्हीही विचारत जा, एवढंच मागणं.

बरं, थांबतो. जासिमबाबांचा हात चाचपडत येतोय. त्यांचा अंगठा खळग्यात बसला, की मी दुसऱ्या कुणाशी बोलत नाही.